हा स्वभाव आहे की आजार? आणि नागपुरात जायचं तर कोणाकडे?

लघुलेखक_नागपूर
(जानेवारी)

नमस्कार. वय ४४. एका सरकारी कार्यालयात लघुलेखक आहे. घर त्रिमूर्तीनगरकडे. घरी बायको, आठवीतला मुलगा आणि आई. दारू नाही, खर्रा नाही. घराचं कर्ज आहे, हप्ता वेळेवर जातो. म्हणजे सांगण्यासारखं दुःख काही नाही, आणि माझी अडचण तीच आहे.

डिसेंबरात, अधिवेशनाच्या धावपळीत, माझ्या बढतीचा आदेश निघाला. मी तो वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि डिक्टेशन घ्यायला आत गेलो. घरी सांगायचं राहून गेलं. लपवलं नाही हो, सुचलंच नाही. तीन आठवड्यांनी गोकुळपेठच्या भाजीबाजारात एका सहकाऱ्याच्या बायकोनं माझ्या बायकोचं अभिनंदन केलं, तेव्हा तिला माहीत पडलं. घरी येऊन ती सांबार (कोथिंबीर) निवडत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अहो, तुम्हाला आनंद नाही झाला का?" चिडून विचारलं असतं तर परवडलं असतं. मी खरोखर आठवून पाहिलं. आनंद झाला नव्हता. वाईटही वाटलं नव्हतं.

हे कधीपासून आहे तेही नक्की सांगता येत नाही. बाबा गेले २०१२ मध्ये, तेव्हापासून म्हणावं तर त्याआधीचे फोटो पाहिले तरी मी असाच दिसतो. कूलरचा पंखा फिरून राहिला आहे आणि पंप बंद आहे, असं काहीतरी. आवाज तेवढाच, वीजबिल तेवढंच, हवा गरम. पहाटे साडेतीनला जाग येते. रविवारी मित्रांबरोबर पोहे खायला जातो, पण पोह्यांवर तर्री होती की नव्हती हे घरी येईपर्यंत लक्षात राहत नाही. ऑफिसात मला "शांत माणूस" म्हणतात. साहेब कौतुकानं म्हणतात. मुलगा मात्र हल्ली त्याच्या गोष्टी आजीला सांगतो. मी बाजूलाच बसलेलो असतो.

जीव द्यावा वगैरे काही मनात येत नाही. रात्री झोपताना एवढंच वाटतं की सकाळी जाग नाही आली तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी एका समुपदेशकाकडे गेलो होतो. त्यांनी अर्ध्या भरलेल्या ग्लासची गोष्ट सांगितली, भिंतीवरचा सूर्योदयाचा फोटो दाखवला आणि रोज आरशात पाहून "मी आनंदी आहे" असं म्हणायला लावलं. २५ मिनिटं, ५०० रुपये. वापस आलो. आरशासमोर एकदाच उभा राहिलो, तेवढ्यात आई म्हणाली दाढी झाली असेल तर नळ बंद कर.

तर, हा माझा स्वभाव आहे की आजार? आजार असेल तर डॉक्टरकडे जायचं की नुसतं बोलायला कोणाकडे? सर्व्हिस बुकात कुठे नोंद होते का? (हसू नका. आम्ही लहानपणी कोणी जरा वेगळं वागलं की "मेंटल चौकात सोडून या याला" असं म्हणत मोठे झालो.) आणि शेवटचं, तिथे जाऊन सांगायचं काय? लोकांचं बोलणं मिनिटाला १२० शब्दांनी उतरवून घेतो. स्वतःचं सांगायचं तर पहिली ओळ सुचत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, राग नका मानू, पण हे पोट भरल्यावरचं दुखणं हाय. आमचा बाप मे महिन्यात ४५ डिग्रीत वावरात राहे, त्याले कोणी विचारलं नाही का बाप्पा तुले आनंद झाला का. पगार येते, पोरगं शिकते, बढती भेटली. अजून काय पाह्यजे? सकाळी अंबाझरीले दोन चकरा मारा, मोबाईल घरी ठेवा. महिन्याभरात फरक पडते.

एक गोष्ट मात्र खरी सांगतो, थायरॉईड पाहून घ्या. माही बायको दोन वर्सं अशीच गुमसुम राहे. मी तिले लय बोललो त्याच्यासाठी. रिपोर्ट आला तं थायरॉईड निघालं. बोललो त्याचं आता वाईट वाटते.

---

निवृत्त_सिस्टर

लघुलेखक भाऊ, आधी तुमचं ते एक वाक्य. "सकाळी जाग नाही आली तरी चालेल." तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, मी तिथेच थांबले. ३२ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी मनोविकार वॉर्डात. असं वाक्य कानावर पडलं की आम्ही सरळ विचारायचो, म्हणून इथेही विचारते. स्वतःला काही करून घ्यावं असं कधी मनात येतं का? कसं, केव्हा, असं काही ठरवलंय का? विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. उत्तर "हो" असेल तर हे सगळं वाचत बसू नका. बायकोला उठवा आणि मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास लागतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. उत्तर "नाही" असेल तरी डॉक्टरांना हे वाक्य सांगायचंच. गाळायचं नाही. तुम्ही लघुलेखक आहात, जसंच्या तसं सांगा.

आता स्वभाव की आजार. निदान इथे कोणी करू शकत नाही, मीही नाही. पण तुम्ही लिहिलंय त्याला नाव आहे. जुन्या पुस्तकांत डिस्थायमिया. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या निदानाच्या नियमावलीत डिस्थायमिया आणि जुनाट मोठं नैराश्य एकत्र करून त्याला दीर्घकाळ टिकणारं नैराश्य म्हटलं. मोठ्या माणसात निदान दोन वर्षं, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन खाली असणं, आणि त्या काळात सलग दोन महिनेसुद्धा मोकळे न जाणं. सोबत भूक, झोप, थकवा, स्वतःबद्दल कमीपणा, लक्ष न लागणं किंवा निर्णय न होणं, पुढचं काही चांगलं न दिसणं, यांपैकी किमान दोन गोष्टी. तुमच्या पोस्टमध्ये मी पेन्सिलीनं खुणा करत गेले, त्या काही कमी झाल्या नाहीत.

हे ओळखू का येत नाही? १०४ ताप आला की सगळं घर धावतं. ९९.५ वर माणूस वर्षानुवर्षं डबा घेऊन कामावर जातो, आणि लोक म्हणतात याचं अंग थोडं गरमच असतं. त्यालाही तेच वाटायला लागतं. वाईट हे, की या बारीक तापावर कधीकधी मोठा ताप चढतो. नेमानं कामावर जाणारा माणूस एकाएकी अंथरुणातून उठेनासा होतो. आम्ही त्याला डबल डिप्रेशन म्हणायचो. म्हणून "चालून राहिलं आहे ना" असं म्हणत बसू नये.

कोणाकडे? मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलण्यातून उपचार करतो, त्याची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असते. ती विचारायची, लाजायचं नाही. समुपदेशकाची पाटी कोणीही लावतो. त्यातही चांगले आहेत, पण शिक्षण विचारून घ्या, म्हणजे आरसा वाचेल. तुम्ही आधी डॉक्टरकडे जा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ हे तो पाहीलच (ठेचा भाऊ तेवढं बरोबर बोलले). मेडिकल, मेयो हॉस्पिटल, मिहानचं एम्स, तिन्हीकडे ओपीडी आहे. मानकापूरच्या ज्या चौकाच्या नावानं तुम्ही हसत मोठे झालात, तिथल्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. लोक येतात, दाखवतात, औषध घेतात आणि घरी जातात. कोणी कोंडून ठेवत नाही. मात्र सरकारी ओपीडीत गर्दी असते, दर आठवड्याला तासभर बोलणं तिथे जमेलच असं नाही. पैसे देऊ शकत असाल तर बोलण्याचे उपचार बाहेर घ्या आणि तिथली जागा ज्याला परवडत नाही त्याला राहू द्या. हे माझं मत.

सर्व्हिस बुक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. तुम्ही स्वतः बिल नेऊन आस्थापना शाखेत ठेवलं नाही तर ऑफिसला कळायचं कारण नाही.

गोळ्या प्रत्येकाला लागतात असं नाही. लागल्या तर असर दिसायला चार-सहा आठवडे जातात आणि मळमळ पहिल्या आठवड्यातच होते. म्हणून लोक नेमक्या चुकीच्या वेळी सोडतात. झोपेच्या गोळ्यांसारखी त्यांची चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो. सोडायच्या तर डॉक्टरला विचारून, हळूहळू.

आणि पहिली ओळ सुचत नसेल तर इथे लिहिलंय तेच छापून न्या.

---

मानेवाड्याची

दादा, कूलरच्या पंपाचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. मी दोन वर्षं त्याला हेच सांगायचा प्रयत्न करत होते.

मी डब्बे पुरवते, रोजचे ४०. मुलींचं होस्टेल आणि काही ऑफिसं. मला थेरपी सुरू करून दोन वर्षं होतील. सिस्टरनी डॉक्टरी बाजू लिहिली, मी आतलं सांगते, कारण मी जाण्याआधी मला हेच कोणी सांगत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पाऊण तास सासऱ्यांच्या शुगरबद्दल बोलले. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मॅडमनी थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "पोळ्या लाटताना डोक्यात काय चालू असतं?" मी म्हटलं, काही नाही. मग घरी येऊन लाटायला बसले तर काय काय चालू होतं! "ही जाड झाली. हीपण जाड झाली. तुला साधी पोळी येत नाही." ४० डब्ब्यांच्या पोळ्या, विचार करा किती वेळा.

मला गृहपाठ असा असायचा. आठवड्यातला एक प्रसंग घ्यायचा. काय झालं ते लिहायचं. मी त्याचा अर्थ काय लावला. मी काय केलं. मला काय व्हायला हवं होतं, आणि झालं काय. एका गिऱ्हाइकानं फोन केला, वरण पातळ आहे. मी अर्थ लावला की मला काहीच धड येत नाही. माफी मागितली आणि दोन दिवसांचे डब्बे फुकट दिले. हवं काय होतं? त्यानं डब्बा चालू ठेवावा, एवढंच. त्यानं डब्बा बंद करीन असं म्हटलंच नव्हतं! हे कागदावर आलं तेव्हा मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. मॅडम म्हणाल्या, हा राग पण लिहा. तिसऱ्या महिन्यात दुसरा एक जण तेच बोलला, तेव्हा मी म्हटलं, "दादा, वरण पातळच असतं. घट्ट पाहिजे तर सांगत जा." तो म्हणाला बरं. संपलं.

थेरपी म्हणजे कोणी गोड बोलून पाठीवर हात फिरवतं असं नाही. काही दिवस मी तिथून निघून छत्रपती चौकात गाडी बाजूला लावून रडले आहे. आणि काही सेशन अगदी कोरडे जातात, पैसे वाया गेल्यासारखे. माझ्या मॅडम ५० मिनिटांचे ८०० घेतात. आधी दर आठवड्याला, आता पंधरा दिवसांनी. माझी पहिली थेरपिस्ट वेगळी होती, तिच्याशी जमलं नाही, ती सारखी घड्याळ पाहायची. बदलली. डॉक्टर बदलतो तसं बदलायचं, त्यात विश्वासघात काही नाही. पण निदान चार वेळा जाऊन मग ठरवा. आरशावाल्याला मात्र चार वेळा देऊ नका.

ठेचा भाऊ, पोट भरल्यावरचं दुखणं म्हणता, मी दिवसाला ४० जणांचं पोट भरते.

---

वऱ्हाडी_ठेचा

चूक झाली ताई. मेनू धाडा.

---

लघुलेखक_नागपूर

सिस्टर, नाही. तसा विचार येत नाही आणि ठरवलेलं तर काहीच नाही. पण तुम्ही इतकं सरळ विचारलं की मी पाच मिनिटं कळफलकावर हात ठेवून बसलो. कोणी विचारलं नव्हतं आतापर्यंत.

तुमचं उत्तर बायकोला वाचायला दिलं. तिनं ९९.५ वाला भाग दोनदा वाचला आणि डॉक्टरचा नंबर लावायला माझाच फोन घेतला. म्हणाली तुमच्या भरवशावर ठेवलं तर पुन्हा ड्रॉवरमध्ये जाईल.

---

लघुलेखक_नागपूर
(मार्चअखेर)

दोन महिने झाले, सांगायचं राहिलं होतं. यावेळी राहून जाऊ दिलं नाही.

धंतोलीतल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे पोस्ट छापून नेली, दोन ओळींत अंतर सोडून, सवयीप्रमाणे. डॉक्टरांनी पेन घेऊन वाचली. त्या वाक्यावर थांबले आणि सिस्टरचेच प्रश्न विचारले. मग शाळेपासूनचं विचारत गेले. निदान तेच, दीर्घकाळचं नैराश्य. ते किमान १५ वर्षांचं असावं असं म्हणाले. बाहेर आल्यावर मला विचित्र वाटलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि १५ वर्षांचा हिशोब कोणाकडे मागायचा असंही. बायको स्कूटरवर मागे बसून काही बोलली नाही, मेहाडिया चौकात सिग्नलला फक्त खांद्यावर हात ठेवला.

ठेचा भाऊ, थायरॉईड नॉर्मल. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली. मी मोठ्या आशेनं विचारलं, म्हणजे हे सगळं बी-१२ मुळेच ना? डॉक्टर म्हणाले, इतकं सोपं असतं तर मला आवडलं असतं.

गोळी सुरू केली. आठ दिवस मळमळ आणि तोंड कोरडं. चौथ्या आठवड्यापर्यंत काहीही फरक नाही आणि मी सोडायच्या बेतात होतो, इथे येऊन सिस्टरचा परिच्छेद पुन्हा वाचला. पाचव्या आठवड्यात साहेब डिक्टेशन देताना "सदर प्रकरण विचाराधीन आहे" म्हणायच्या ऐवजी "विकाराधीन आहे" म्हणाले, आणि मला हसू आलं. आतून आलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, खोकला. तसं पाहिलं तर ते प्रकरण होतंच विकाराधीन.

थेरपिस्ट माझ्यापेक्षा १५ वर्षांनी लहान असेल. आरसीआयची नोंदणी विचारली, तिनं हसून दाखवली. पहिल्या दोन वेळा मला वाटलं, ही काय सांगणार. तिनं सांगितलं काहीच नाही. रोज रात्री पाच ओळी लिहून आणायला लावल्या. घरात कोणी वाचेल ही धास्ती होती, म्हणून मी लघुलिपीत लिहिल्या. तिला वाचता येईना, तेव्हा मलाच मोठ्यानं वाचून दाखवाव्या लागल्या. इथेच फसलो. बायको काय म्हणाली, ठीक. जेवण कसं झालं, ठीक. मुलाचा पेपर, ठीक. त्या एका आठवड्यात "ठीक" ची खूण १९ वेळा आली होती. तिनं तो शब्द बंद केला. आता जेवण "खारट" असतं, "गार" असतं, एकदा "चांगलं" होतं. लिहायला वेळ लागतो. शॉर्टहँड शिकलो तेव्हा स्पीड वाढवण्यात तीन वर्षं घातली, आता कमी करतो आहे.

दुसरं काम, मन लागण्याची वाट न पाहता रोज २० मिनिटं एक ठरलेली गोष्ट करायची. तिचं म्हणणं, माझ्यासारखी माणसं मूड आला की करू म्हणतात आणि मूड तर केल्यावर येतो. मला पटलं नव्हतं. माळ्यावर वडिलांचा मराठी रेमिंग्टन टाइपरायटर होता, तो खाली काढला. रोज एकेक कळ साफ करतो. मुलगा आधी लांबून पाहायचा. आता "ळ" ची कळ त्याच्याकडे आहे, ती अडकते. काल तो त्याच्या वर्गातल्या कोणत्यातरी भांडणाबद्दल सांगत होता, मलाच, आजीला नाही. अर्थात आजी झोपली होती.

सगळं सुरळीत आहे असं नाही. साडेतीनची जाग अजून आहे, आठवड्यातून तीनदा तरी. मागचा पूर्ण आठवडा पुन्हा पंप बंद होता. थेरपिस्टला सांगितलं तर म्हणाली, पंप बंद आहे हे यावेळी कितव्या दिवशी लक्षात आलं? दुसऱ्या दिवशी. तिनं ते लिहून घेतलं.

आणि कूलर. परवा कूलर बाहेर काढला. ताट्या बदलायच्या होत्या. बायको म्हणाली साधं गवत भरून घेऊ, स्वस्त पडतं. मी म्हटलं, नाही, यंदा वाळाच. ती म्हणाली, वाळ्याला दुप्पट पैसे लागतात. मी म्हटलं, लागू देत. ती म्हणाली, इतकी वर्षं कुठे होता तुमचा वाळा? आवाज वाढले, आई बाहेर आली. १६ वर्षांच्या संसारात आमचं कूलरवरून पहिलं भांडण. अर्धा तास चाललं, आणि मधेच तिला हसू फुटलं.

वाळाच आणला. कॉटन मार्केटकडून, स्कूटरवर, ती मागे धरून बसली होती.

---

निवृत्त_सिस्टर

वाचलं भाऊ. गोळी चालू ठेवा. पंप पण तपासून घ्या, आमचा दरवर्षी एप्रिलमध्येच जळतो.

---

मानेवाड्याची

दादा, "खारट" लिहिलं ते बायकोला वाचून दाखवू नका.